दोन चंद्रांची तिथी

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते कोणाच्या गळ्यात मारायचे, हाच हेडसरांपुढचा मोठा प्रश्न होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. सरकारी योजनेतून दोन यंत्रं, दोन रंगीत पडदे आणि एक टेपरेकॉर्डर अशी वरात टेम्पोतून रत्नागिरीत उतरली. गणिताच्या सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. विज्ञानाच्या सरांना एकाएकी स्काउटची फार कामं निघाली. राहिले मी: सगळ्यांत धाकटी, गणितात बीएस्सी, आणि मोठ्यांपुढे ‘नाही’ म्हणायची सवय नसलेली. मागून चडफडायची सवय मात्र भरपूर. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला लागली.

उद्घाटनाला हेडसरांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावाने मूठभर अक्षता थेट कळांच्या पाटीवर टाकल्या. त्यातला एक तांदूळ दोन कळांच्या फटीत असा जाऊन बसला, की पुढचे चार दिवस ‘एस’ दाबला की पडद्यावर ‘एस’ची रांगच लागायची. तो मी टाचणीने काढला. खोलीत चपला बाहेर काढून यायचं, पडदे ओढून घ्यायचे, आणि पावसाळ्यात यंत्रांच्या कपाटात साठचा बल्ब जळत ठेवायचा, असे नियम होते. मुली आत येताना पाया पडायच्या. मी त्यांना रागवायचे आणि कोणी बघत नसलं की स्वतःही पडायचे.

त्याच वर्षी आबा माझ्याकडे राहायला आले. ‘आले’ म्हणणं खोटं आहे, मी त्यांना पूर्णगडहून आणलं. माझे वडील तीस वर्षं होडीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीतला मुख्य माणूस. कधी निघायचं, कुठे जाळी टाकायची, खाडीच्या तोंडातून परत कधी आत शिरायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय फरफटायला लागला, डावा हात निम्मा निकामी झाला आणि होडी माझ्या चुलतभावाकडे गेली. आई त्याआधीच गेली होती.

डॉक्टर म्हणाले, जिभेला काही झालेलं नाही, त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर असा माणूस आतल्या आत विझतो. पण आबा बोलत नव्हते. ‘हां’ आणि ‘नको’ या दोन शब्दांत त्यांचा दिवस जायचा. एकदाच एक पुरं वाक्य बोलले. “माज्यावाचून आता कोनाचा काय अडलाय, बाय?” मी रेडिओ आणला. वर्तमानपत्र वाचून दाखवलं. गाववाल्यांना गप्पा मारायला बोलावलं, तर तेच बोलून दमले आणि चहा पिऊन गेले. शेवटी एक दिवस मी मुद्दाम शिळा बांगडा आणला. पूर्वी असा बांगडा पानात आला असता तर आबांनी ताट सरकवून मासळीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि खूप रडले. मला त्या वर्षी नोकरीत कायम होणं, लग्न, पगार, काही नको होतं. फक्त आबांनी बोलावं एवढंच हवं होतं.

शाळेत मला एक विरंगुळा सापडला होता. अभ्यासक्रमात यंत्राकडून पाढे म्हणून घेणं वगैरे होतं. पाढे आमच्या मुलींना त्याच्यापेक्षा लवकर येत होते. मी एकदा त्याला वर्तुळ काढायला लावलं. ते कोहळ्यासारखं लांबट आलं, कारण पडद्यावरचे ठिपके चौरस नसतात, आडवे लांबट असतात. एका बाजूचे आकडे निमपट केल्यावर कोहळा गोल झाला, आत रंग भरला, आणि नववीतली एक मुलगी ओरडली, “बाई, ग्रह!”

झालं. शाळा सुटल्यावर पाच मुली रोज थांबायला लागल्या. वहीत चौकटी आखायच्या, ठिपके मोजायचे, आकडे टाइप करायचे, आणि मग काळ्या पडद्यावर एकेक रेघ सरकत एखादं जग तयार होताना बघायचं. एकीने कडी घातलेला हिरवा ग्रह केला. एकीने बर्फाचा केला, कारण बर्फ तिने फक्त मासळीच्या पेटीत पाहिला होता. मी नियम घातला होता की पृथ्वीवरचं काही आणायचं नाही, नारळाचं झाड नाही, देऊळ नाही, एसटी तर नाहीच. काम संपलं की सगळं कॅसेटवर उतरवायचं. मधे लाइट गेली तर आख्खं जग नाहीसं व्हायचं आणि मुली ‘श्शी’ म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसायच्या. त्यांच्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी टेबलावर हात आपटायचे.

माझा स्वतःचा एक ग्रह होता. तो कोणाला सांगितला नव्हता, पण नियम मीच मोडला होता. त्यात समुद्र होता. लाल कडा होता, खाली वाळूत तीन होड्या, आणि आकाशात दोन चंद्र. एक मोठा, पाण्याला टेकलेला. एक लहान, डोक्यावर. दोन्ही पांढरेशुभ्र, गोल गरगरीत. मला ते चित्र इतकं आवडायचं की मी ते कधी कधी उगीचच लावून बसायचे.

आबांच्या सोबतीला दुपारी घरमालकीण काकू थांबायच्या. एका शनिवारी त्या लग्नाला गेल्या. आबांना एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून रिक्षा करून त्यांना शाळेतच घेऊन आले. चपला काढल्या, खुर्चीवर बसवलं, आणि मुली यायच्या आधी माझा ग्रह लावला. पाच मिनिटं ते नुसते बघत होते. मुली आल्या आणि माझ्या मागे दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

“ह्यो कोनी काडला?” आबा म्हणाले.

“मी.”

“तू? तांडेलाची पोर तू?”

ते काठी टेकत उठले. पडद्याजवळ गेले आणि वरच्या चंद्रावर बोट ठेवलं. “वेळ कुठची ही?”

“संध्याकाळ. सूर्य आत्ताच बुडालाय.”

“मंग खालचा चंद्र पुरा, ता बरोबर. दिवस बुडतो नि पुनवेचा चंद्र उगवतो. पन ह्यो वरचा? दिवस बुडताना डोक्यावर असतो तो अष्टमीचा. अर्धा. तो पुरा कसा केलास?”

मी म्हटलं, “आबा, ही पृथ्वी नाही. दुसरा ग्रह आहे. तिकडे काहीही चालतं.”

“सूर्य हाय ना तिकडे?”

“आहे.”

“मंग नाय चालत.”

मुली फिदीफिदी हसल्या. रागाने माझे कान तापले. एवढी गणित शिकलेली मी, आणि चंद्रावर उजेड कुठून पडतो हे मला चौथी शिकलेल्या बापाने पाच मुलींसमोर सांगावं! चांगलं तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळलं, कारण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आबा बोलत होते. मी हलायलासुद्धा घाबरले.

“नि ह्या होड्या,” आबा म्हणाले. “सुक्या वाळूत कशा? पानी कुठे गेला? तिथी काय?”

“तिथी ठरवलेली नाही.”

“तिथी ठरवल्याशिवाय होड्या लावल्यास?”

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची साधी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरतीनंतर सहाएक तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अवस आणि पुनवेला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ना धड चढत, ना धड उतरत, तो भांग. घड्याळ नव्हतं तेव्हापासून माणसं यावर होड्या काढत आणि लावत आली. हे मला पाळण्यातच कळायला हवं होतं, आणि मी चित्रात दोन दोन चंद्र टांगून तिथी विसरले होते.

“थोरला किती दिसांनी परत पुनवेला येतो?” आबांनी विचारलं.

“तुम्ही सांगाल तितक्या.”

“माज्या सांगन्यावर चंद्र फिरतो काय?”

“इथे फिरतो. मी फक्त एक ओळ बदलायची.”

ते गप्प झाले. इतका वेळ गप्प झाले की मला वाटलं, संपलं, परत ‘हां’ आणि ‘नको’. मुलींनाही काहीतरी कळलं असावं, कोणी चुळबुळ केली नाही. मग ते म्हणाले, “थोरल्याला आपलेच तीस दिस असू देत. धाकटा जवळ हाय, तो लवकर फिरनार. त्याला बारा दे. खडू हाय काय गो इथे?”

एकीने धावत जाऊन वर्गातून खडू आणला. आबांनी उजव्या हाताने फळ्यावर लिहायला सुरुवात केली. थोरल्याची फेरी तीस दिवसांची, म्हणून त्याची भरती रोज पाऊण तास पुढे जाणार. धाकट्याची बारा दिवसांची. चोवीस तासांचे बारा वाटे केले तर रोज दोन तास. म्हणजे थोरल्याची पाऊणपट आणि धाकट्याची दुप्पट. मी डिग्री घेतलेल्या डोक्याने ते पुन्हा करून पाहिलं. बरोबर होतं.

“म्हणजे आजोबा, तिकडे दोन कालनिर्णयं लागणार?” एक मुलगी म्हणाली.

“दोन चंद्र, तर दोन तिथ्या. लागनारच.” ते चित्राकडे वळले. “थोरल्याची पुनव. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हंजे दिवस बुडताना पानी सुकतीला. नि धाकट्याचा तिसरा दिस. बारातला तिसरा म्हंजे पाव फेरी, म्हंजे आपली अष्टमीच. तीन दुने सहा. म्हंजे दिवस बुडताना भरती.” त्यांनी खडू खाली ठेवला. “एक म्हनतो चल मागे, दुसरा म्हनतो ये पुढे. दर्यानं ऐकायचा कोनाचा?”

आणि ते हसले. तोंड डावीकडे जरा खाली ओढलेलं होतं, त्यामुळे हसू वाकडं आलं, पण हसूच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलींनी ते पाहिलं. पाहिलं तर पाहिलं.

मी वरचा चंद्र अर्धा केला. होड्या त्यांच्या सांगण्यावरून वाळूतून काढून अर्ध्या पाण्यात, एका अंगावर कलत्या लावल्या. “नांगर कुठे?” म्हणाले, म्हणून तीन ठिपक्यांचे नांगर काढले.

त्यानंतर दर शनिवारी आबा शाळेत यायला लागले. दुपारी एक वाजल्यापासून सदरा घालून, दार उघडं टाकून बसायचे. मुलींच्या जगांत त्यांनी खोट काढायला सुरुवात केली. बर्फाच्या ग्रहावर वारा कुठून येतो विचारलं, तर ती मुलगी रात्रभर विचार करून उत्तर घेऊन आली. माझ्या कड्याला ते म्हणाले, “ह्यो जांभा नव्हं, ह्यो शेंदूर.” खरंच होतं ते. यंत्रात आठच रंग, आणि त्यातला लाल म्हणजे मारुतीचा लाल. मी वैतागून म्हटलं, याहून दुसरा लाल नाही माझ्याकडे. आबांनी मुलींना कंपाउंडच्या चिऱ्याच्या भिंतीजवळ नेलं आणि नाक टेकेपर्यंत जवळून बघायला लावलं. जवळून पाहिलं तर जांभ्या चिऱ्याला एक रंग नसतोच. लाल ठिपका, पिवळा ठिपका, मधे काळं भोक. लांबून मात्र सगळा जांभा. मुली धावत परत आल्या, लाल-पिवळे-काळे ठिपके आलटून पालटून टाकले, आणि चार हातांवरून पाहिलं तर पडद्यावर आमच्याच सड्याचा, गावामागच्या कातळपठाराचा, रंग उभा राहिला. आपलं चित्र दुसऱ्यांनी सुधारलेलं मला एरवी खपत नाही. ते खपलं.

स्नेहसंमेलनात ही जगं सगळ्यांना दाखवायची ठरली. संमेलन शनिवारी होतं. आबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आज थोरल्याची पुनव, धाकट्याची अष्टमी’, जसं देवळाच्या फळ्यावर लिहितात तसं. खोली पालकांनी भरून गेली. लोक पडद्याला हात लावून बघत होते. एक बाई म्हणाल्या, “इकडे मासळी मिळते का हो?” हेडसर पाहुण्यांना सांगत होते की हे सगळं आपल्या मुलींनी केलं आहे, आणि माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होते की मला त्यांच्या अक्षता माफ कराव्याशा वाटल्या.

आणि लाइट गेली. माझ्या ग्रहाचा समुद्र, कडा, होड्या, सगळं एका क्षणात काळं झालं. लोक चुकचुकले, दाराकडे सरकायला लागले. मी टेबलावर हात आपटला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. असा आवाज मी लहानपणी किनाऱ्यावरून ऐकला होता, वाऱ्यावरून खलाशांना ऐकू जाईल असा.

“लाइट गेली म्हनून तिथी थांबत नाय! पडदे उघडा. बसा खाली.”

मुलींनी पडदे ओढले. लोक खरोखर बसले, पाहुणेसुद्धा. आबांनी फळ्यापाशी उभं राहून तिकडचा दर्या सांगायला सुरुवात केली. दुप्पट आणि पाऊणपट, कधी निघायचं, खाडीच्या तोंडावर कुठला चंद्र बघायचा. मिरकरवाड्याचे एक मच्छीमार पालक उठून म्हणाले, “तांडेल, दोन चंद्र असतील तर भांग कुठला धरायचा?” मग जी जुंपली! दोघं असल्या दर्यावर भांडत होते जिथे कोणी गेलेलं नव्हतं आणि जाणार नव्हतं, आणि बाकीचे माना डोलवत बाजू घेत होते. मधे केव्हातरी लाइट आली. एका मुलीने कॅसेट लावून चित्र पुन्हा आणलं. कोणी वळून पाहिलं नाही. मला थोडा राग आला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, “मला पूर्णगडास नेऊन सोड.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी भडकले. म्हटलं, इथे तुम्हाला मी उपाशी ठेवते का? तिकडे कोण आहे बघायला? चुलतभावाची बायको स्वतःची चार पोरं सांभाळील की तुम्हाला? हा पाय घेऊन काय करणार?

“तिथी पायांनी काडत नाय,” आबा म्हणाले. “तुजा भाऊ होडी नेतो, पन त्याला भांग समजत नाय. गेल्या खेपेला होडी खाडीच्या तोंडात घासलीन. कोनीतरी सांगायला होवा.”

“आणि माझं काय?”

हे माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. आबांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. वर्षभर मी एकच गोष्ट मागत होते, की माझा बाप पुन्हा पहिल्यासारखा होऊ दे. पहिल्यासारखा झाला की तो माझ्या खोलीत कशाला बसून राहील, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्यांना एसटीने पूर्णगडला नेऊन सोडलं. भावाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि तिचा धाकटा आबांच्या काठीला लोंबकळायला लागला. मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

घरची खोली मोठी वाटायला लागली. सवयीने दोघांचा भात टाकायचे आणि मग दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खायचे. आठवडाभर मुलींवर उगीच खेकसले. त्यांनी ऐकून घेतलं. माझा ग्रह मी लावलाच नाही.

शनिवारी पोस्टकार्ड आलं. आबांचं अक्षर, फळ्यावर होतं तसंच, मोठं आणि जरा चढतं.

‘बाय, आशीर्वाद. संमेलनाच्या दिवसापासून मोजत आहे. उद्या रविवारी तुझ्या दर्यावर थोरल्याची अवस व धाकट्याची पुनव एकाच दिवशी येते. दोघे एका रेषेत ओढणार. असे उधाण आपण कोणी पाहिलेले नाही. तीन होड्या अर्ध्या पाण्यात ठेवल्या आहेत, त्या वर ओढून घे. विसरू नको. इकडे सकाळी वेळ विचारायला माणसे येतात. पाय बरा आहे.’

रविवारी शाळा बंद होती. किल्ली माझ्याकडेच होती. यंत्र लावलं, कॅसेट फिरवली, माझा दर्या आला. थोरला अवसेचा, म्हणून त्याला आकाशातून काढून टाकलं. धाकटा पुरा गोल केला आणि खाली पाण्याला टेकवला. दिवस बुडताना पाणी सुकतीला, म्हणजे फार लांब गेलेलं. चित्रात तर नुसती वाळूच वाळू झाली, भीतीचं काही दिसेना. पण भरती मध्यरात्रीची होती. मी वहीत चौकटी मोजल्या, तिन्ही होड्यांचे आकडे बदलले आणि एकेक करून त्या जांभ्याच्या कड्याच्या पायथ्यापर्यंत वर आणल्या. नांगरही वर घेतले.

मग टेबलावर बसूनच आबांना कार्ड लिहिलं. ‘होड्या ओढल्या. पुढची तिथी कळवा.’